रिटर्नरचं करिअर: डेव्हिन हेस्टर खरंच एवढा मोठा होता का?

शिकागोचा_वारा

इथे एनएफएलवर (अमेरिकन फुटबॉलची लीग) गप्पा निघाल्या की सगळं घोडं ब्रेडी मोठा की माहोम्स इथेच अडतं, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. विषय आहे रिटर्नर. समोरच्या टीमने किक मारलेला बॉल झेलायचा आणि अंगावर धावून येणाऱ्या अकरा जणांमधून वाट काढत जमेल तेवढा पुढे न्यायचा, हेच ज्याचं मुख्य काम तो गडी.

आमच्या शिकागो बेअर्सचा डेव्हिन हेस्टर ऑगस्ट २०२४ मध्ये कॅन्टन, ओहायोच्या हॉल ऑफ फेममध्ये (या खेळातल्या दिग्गजांचं सन्मानदालन) गेला. मुख्यतः रिटर्नर म्हणून निवडला गेलेला हा पहिलाच खेळाडू. लीग १९२० ची आहे, म्हणजे शंभर वर्षं या कामासाठी तिथे कुणालाच जागा मिळाली नव्हती. त्यालासुद्धा २०२२ ला नाही घेतलं, २०२३ ला नाही घेतलं, तिसऱ्या खेपेला दार उघडलं.

ऑफिसमधला मित्र (पॅकर्स या आमच्या जुन्या वैऱ्यांचा चाहता, वेगळं सांगायला नकोच) म्हणतो की मॅचमध्ये पाच-सहा वेळा बॉल हातात येणाऱ्या माणसाला तिथे बसवणं म्हणजे बाकीच्यांवर अन्याय. बिचारे लाइनमन प्रत्येक डावात धडका खातात आणि हा सणासुदीला आल्यासारखा येतो. माझं मत बरोब्बर उलटं आहे. तो मैदानात नुसता उभा राहिला तरी समोरच्या कोचचा प्लॅन बदलायचा, असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात आणि हेस्टर त्यातला होता. तुम्हाला काय वाटतं? आणि नवीन नियमांत हे काम करिअर म्हणून शिल्लक आहे का?

नुसतंच_वाचते

वाचतेय. सुरुवात झकास.

पर्वती_पायथा

मी पुण्यात बसून क्रिकेट आणि कबड्डी बघणारा माणूस, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण शीर्षक बघून आत आलो. बॉल झेलून पळायचं यात एवढं काय अवघड आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चौथा_डाउन

@पर्वती_पायथा, टाकतो प्रकाश, थोडं लांबेल.

परत आणायचे प्रकार मुख्यतः दोन. किकऑफ असतो हाफच्या सुरुवातीला आणि कुणी स्कोअर केला की त्यानंतर. आणि पंट म्हणजे चार प्रयत्नांत दहा यार्ड जमणार नाहीत असं दिसलं की चौथ्या वेळी बॉल लांब मारून समोरच्याच्या गळ्यात घालायचा. यातला पंट झेलणं हे माझ्या मते या खेळातलं सगळ्यात एकाकी काम आहे. बॉल चार-साडेचार सेकंद हवेत. तुझी नजर वर, बॉल गरगरत खाली येतोय, वारा त्याला ढकलतोय, आणि त्याच वेळी दोन्ही कडांनी गनर नावाचे दोन पळपुटे वीर (म्हणजे पळण्यात पटाईत, भित्रे नव्हेत!) सुसाट तुझ्याकडे येतायत. त्यांच्याकडे बघायची सोय नाही, बघितलंस तर बॉल सुटला. हात वर करून फेअर कॅच मागितलास तर कुणी हात लावणार नाही पण मग पळताही येत नाही. नाही मागितलास तर बॉल हातात पडतो त्याच क्षणी दोनशे पौंडांचा माणूस छातीवर. आणि बॉल निसटला तर समोरची टीम झडप घालते आणि तुझ्याच गोलपाशी त्यांना बॉल मिळतो. हा सगळा हिशोब बॉल हवेत असताना करायचा.

आणि यातून सुटलास तर पुढे शंभर यार्डांचं मैदान. तुम्ही कबड्डी बघता म्हणून सांगतो, सात जणांच्या कोंडाळ्यात शिरलेल्या रेडरला मध्यरेषा पाठीमागे असते, याला ती समोरच्या टोकाला असते आणि आख्खी फळी तिकडूनच येत असते.

पर्वती_पायथा

आत्ता कळलं! मग हा माणूस वेडाच म्हणायला हवा. मनापासून सांगतोय.

आकडेमोड

धाग्यात आकडे नाहीत म्हणून माझा हातभार.

हेस्टर जन्माने रिव्हिएरा बीच, फ्लोरिडाचा. युनिव्हर्सिटी ऑफ मायामीत खेळला, २००६ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची वार्षिक निवड) बेअर्सने दुसऱ्या फेरीत, ५७ वा घेतला. परत आणलेल्या बॉलवर एकूण २० टचडाउन (बॉल थेट समोरच्याच्या गोलपट्ट्यात नेणं): पंटवर १४, किकऑफवर ५, आणि एक चुकलेल्या फील्ड गोलवर (पॉइंटांसाठी खांबांमधून मारायची किक). यात प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) धरत नाहीत, त्यामुळे सुपर बोलचा, म्हणजे फायनलचा, तो प्रसिद्ध टचडाउन या वीसच्या बाहेर आहे. पंटवरचे १४ हा लीगचा विक्रम, त्याआधी एरिक मेटकाफचे १० होते. यार्ड म्हणाल तर पंट आणि किकऑफ मिळून ११ हजारांच्या वर.

आता गंमत बघा. या २० पैकी १२ पहिल्या दोन वर्षांत. २००६ ला सहा, २००७ ला सहा. मग २००८ आणि २००९ ला शून्य! २०१० ला तीन, २०११ ला तीन, २०१२ ला शून्य, २०१३ ला एक, आणि २०१४ ला अटलांटाकडून शेवटचा. त्या शेवटच्याने डीऑन सँडर्सचा १९ चा विक्रम मोडला (त्यात समोरच्याचे पास पळवून केलेले टचडाउनही धरलेत).

ढाण्या_वाघ

म्हणजे दोन वर्षं आग आणि मग निखारे. धागाकर्त्याचा मित्र काही अगदीच चुकीचा नाही. दोन सीझनवर हॉल ऑफ फेम?

शिकागोचा_वारा

@ढाण्या_वाघ, ती दोन वर्षं काय होती हे ज्यांनी बघितलं त्यांना विचारा. २००६ चा सीझन सांगतो.

ऑक्टोबरमध्ये अॅरिझोनाविरुद्ध सोमवार रात्रीची मॅच. बेअर्स वीस पॉइंटांनी मागे, आमच्या क्वार्टरबॅकचा (पास फेकणारा मुख्य गडी) खेळ बघवत नव्हता, ऑफेन्सने आख्ख्या मॅचमध्ये एकही टचडाउन केला नाही. डिफेन्सने दोन केले आणि तिसरा हेस्टरने, ८३ यार्डांचा पंट परत आणून. २४-२३ ने जिंकलो. त्या मॅचनंतर अॅरिझोनाचे कोच डेनिस ग्रीन पत्रकार परिषदेत जे भडकले ते आजही लोक बघतात.

नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीत जायंट्सविरुद्ध. त्यांनी ५२ यार्डांवरून फील्ड गोल मारला, तो आखूड पडला. हेस्टर पार मागे एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाचा गोलपट्टा) उभा. बॉल झेलला आणि अगदी आरामात, आता काय सोडून द्यायचं, अशा थाटात दोन पावलं टाकली. समोरचे सगळे सैल पडले. आणि मग जो सुटला तो उजव्या कडेने १०८ यार्ड. तेव्हाच्या लीगच्या विक्रमाची बरोबरी, तो विक्रमही आमच्याच नेथन वॅशरचा, आदल्याच वर्षीचा. ती दोन आळशी पावलं पुन्हा पुन्हा बघा. मुद्दाम होती असं मला ठामपणे वाटतं.

डिसेंबरमध्ये सेंट लुईसला रॅम्सविरुद्ध एकाच मॅचमध्ये दोन किकऑफ परत आणले, ९४ आणि ९६ यार्ड. आणि हा पोरगा तेव्हा रुकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा, होता.

नेपरव्हिलची_वहिनी

सुपर बोलचं सांगायचं राहिलं की! ४ फेब्रुवारी २००७, मायामी, कोल्ट्सविरुद्ध. आम्ही तेव्हा नवीनच आलो होतो शिकागोच्या बाजूला, मला खेळ कळत नव्हता पण मंडळातल्या लोकांनी घरी पार्टी ठेवली होती म्हणून गेलेलो. बायका स्वयंपाकघरात बटाटेवडे तळत होत्या, मी पहिला घाणा काढत होते आणि बाहेर असा आरडाओरडा झाला की मला वाटलं कोणीतरी पडलं. मॅच सुरू होऊन १४ सेकंद झाले होते! ९२ यार्ड. सुपर बोलच्या इतिहासात पहिल्याच किकऑफवर टचडाउन याआधी झालाच नव्हता. नंतर पाऊस पडतच राहिला आणि आम्ही २९-१७ हरलो, वडेही गार झाले. पण तेव्हापासून मी हा खेळ बघायला लागले, आता नवऱ्यापेक्षा मला जास्त कळतं.

केशरी_कोपरा

वहिनी, "शेवटची दोन मिनिटं राहिली" म्हणून नवरा अर्धा तास उठत नाही, त्या दोन मिनिटांचं गणित तुम्हाला कळलं असेल तर आमच्या हिलाही समजवा.

नेपरव्हिलची_वहिनी

@केशरी_कोपरा, आमच्याकडे आता तो डायलॉग मीच मारते.

चौथा_डाउन

वहिनींनी सांगितलं त्याचा पुढचा भाग महत्त्वाचा आहे आणि @ढाण्या_वाघ यांना उत्तरही त्यातच आहे. त्या पहिल्या किकनंतर कोल्ट्सने काय केलं? उरलेल्या मॅचमध्ये त्याच्याकडे सरळ बॉल दिलाच नाही. जमिनीलगत सरपटत जाणाऱ्या, आखूड किका मारल्या. म्हणजे बेअर्सना प्रत्येक वेळी फुकटात पुढची जागा.

इथे नियम समजून घ्या. तेव्हा किकऑफ सरळ एंड झोनमध्ये गेला आणि खाली टेकवला तर बॉल २० यार्डांवर मिळायचा. किक बाहेर गेली तर दंड म्हणून ४० यार्डांवर. हेस्टरच्या भीतीने आखूड मारलेली किक मधला कोणीतरी जाडजूड ब्लॉकर उचलायचा आणि ३५-४० पर्यंत आरामात जायचा. म्हणजे हेस्टरने बॉलला हात न लावता टीमला पंधरा-वीस यार्ड मिळाले. हे कुणाच्या नावावर जमा होतं? कुणाच्याच नाही. २००८-०९ चं शून्य वाचताना हे डोक्यात ठेवा. पंटर मुद्दाम कडेला, मैदानाबाहेर मारायचे आणि पाच-दहा यार्डांचं नुकसान हसत सोसायचे.

२००७ ला डेन्व्हरने हिंमत करून त्याच्याकडे किक मारल्या. सोल्जर फील्डवर एकाच मॅचमध्ये एक पंट ७५ यार्ड, एक किकऑफ ८८ यार्ड, दोन्ही टचडाउन. ओव्हरटाइममध्ये ३७-३४ ने हरले.

ढाण्या_वाघ

हा मुद्दा दमदार आहे पण २००८-०९ चं सगळं शून्य समोरच्यांच्या भीतीवर ढकलू नका राव. त्या काळात तो आडवा पळत सुटायचा, दहा यार्ड पुढे जायच्या ऐवजी पाच यार्ड मागे जायचा, बॉल टाकायचा. २००८ मध्ये किकऑफचं काम त्याच्याकडून काढून डॅनियल मॅनिंगला दिलं होतं आणि मॅनिंगने ते उत्तम केलं. हे बेअर्सवाले विसरतात.

शिकागोचा_वारा

विसरत नाही. त्याचं कारण मात्र बेअर्सने स्वतः तयार केलं. तो आला कॉर्नरबॅक (समोरच्यांचे पास अडवणारा) म्हणून, २००७ ला त्याला रिसीव्हर (पास झेलणारा) बनवायला घेतलं. आता विचार करा, रिसीव्हर म्हणून प्रत्येक प्लेला ४०-५० यार्ड धावायचं, सगळे रूट पाठ करायचे, धडका खायच्या आणि मग धापा टाकत पंट झेलायला उभं राहायचं. रिसीव्हर म्हणून वाईट नव्हता, करिअरमध्ये ३ हजारांच्या वर यार्ड आहेत. पण नंबर एकचा रिसीव्हर तो कधीच नव्हता आणि टीमला तो नंबर एकच हवा होता. पैसा त्या कामाला मिळतो, रिटर्नला नाही, म्हणून त्यानेही मान डोलावली असणार, त्याला दोष देत नाही.

मायामी युनिव्हर्सिटीत पण हेच. कॉर्नर, रनिंग बॅक (बॉल घेऊन धावणारा), रिटर्नर, सगळीकडे थोडा थोडा. जगातल्या सगळ्यात भारी कामासाठी जन्मलेला माणूस, आणि प्रत्येक कोच त्याला दुसरं कुठलं काम द्यावं या विवंचनेत.

आकडेमोड

+१. रिटर्नरच्या करिअरचं हेच दुखणं आहे. टीममध्ये ५३ जणांची जागा. नुसतं किक परत आणायला एक जागा अडवणं कोचला परवडत नाही. म्हणून बहुतेक रिटर्नर हे चौथे-पाचवे रिसीव्हर किंवा राखीव रनिंग बॅक असतात, पंटच्या वेळी स्वतः गनर म्हणून धावतात, आणि एखाद-दोन वेळा बॉल टाकला की दुसऱ्या दिवशी सामान बांधायला सांगतात. २०१३ ला नवीन कोच ट्रेस्टमन आले तेव्हा त्यांनी हेस्टरला रिसीव्हरचं काम काढून फक्त रिटर्न दिले. त्या वर्षी वॉशिंग्टनविरुद्ध ८१ यार्डांचा पंट आणलाच. आणि सीझन संपल्यावर बेअर्सने करार वाढवला नाही.

वाऱ्यावरची_वरात

अवांतर: हॉल ऑफ फेमला किकर आणि पंटर चालतात का?

चौथा_डाउन

@वाऱ्यावरची_वरात, अजिबात अवांतर नाही, हाच तर मुद्दा आहे. यान स्टेनेरुड किकर, १९९१ ला आत. रे गाय पंटर, २०१४ ला आत. मॉर्टन अँडरसन किकर, २०१७ ला आत. म्हणजे बॉल मारणाऱ्यांना घेतलं, आणि तो झेलून जीव धोक्यात घालून परत आणणाऱ्याला २०२४ पर्यंत नाही. गेल सेयर्स बेअर्सचा, किकऑफ परत आणण्याची त्याची सरासरी ३०.५६ यार्ड, आजही लीगचा विक्रम. पण तो आत गेला रनिंग बॅक म्हणून. डीऑन गेला कॉर्नर म्हणून. रिटर्न ही प्रत्येकाची जोडपदवी धरली गेली.

टेक्सासची_आई

सगळे टचडाउनचं बोलताय, मी जरा दुसरी बाजू मांडते.

माझा मुलगा हायस्कूलला खेळतो. इथे शुक्रवारची रात्र म्हणजे गावजत्रा असते. त्याचा कोच म्हणाला पाय चपळ आहेत, किकऑफला मागे उभा करतो. मी रात्रभर जागी होते. कारण मला केव्हिन एव्हरेट आठवतो. बफेलो बिल्सचा, आणि हेस्टरबरोबर मायामी युनिव्हर्सिटीतच होता. सप्टेंबर २००७, हाफटाइमनंतरचा पहिलाच किकऑफ, डेन्व्हरच्या डॉमेनिक हिक्सनला अडवायला गेला आणि मानेच्या मणक्याला इजा. मैदानावर तसाच निपचित पडला. पुढे तो चालायला लागला हे देवाची कृपा आणि डॉक्टरांची, पण खेळ कायमचा संपला. दोन माणसं ४०-५० यार्ड धावत येऊन समोरासमोर आदळतात, त्याला शौर्य म्हणायचं की काय म्हणायचं मला अजून ठरवता येत नाही. लीगने किकऑफ बदलला ते बरंच केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलगा सध्या पंट झेलायला उभा राहतो, किकऑफला नाही. तेवढी तडजोड झाली. आणि हात वर करून फेअर कॅच मागितला की सगळ्यात मोठ्याने टाळ्या मी वाजवते.

नुसतंच_वाचते

ताई, शेवटचं वाक्य फार आवडलं. मुलाला शुभेच्छा.

केशरी_कोपरा

+१००. त्याला सांगा पुण्याहून एक काका सांगतायत, कॅच पकडताना नजर बॉलवरच ठेव म्हणावं. इथे पर्वतीवर आम्ही सगळे वर बघूनच चालतो, वटवाघळांसाठी.

सॅनहोजेचा_सदू

टेक्सासच्या ताईंच्या पोस्टला धरूनच, नियम कसकसे बदलले ते लिहितो कारण धाग्याचा दुसरा प्रश्न तोच आहे.

२००९ ला वेज बंद केला, म्हणजे तीन-चार धिप्पाड ब्लॉकरनी हातात हात घालून भिंत करून चालायचं ते. २०११ ला किकऑफची जागा ३० वरून ३५ यार्डांवर आणली, झालं, किकर लोक बॉल सरळ एंड झोनच्या बाहेर मारायला लागले आणि परत आणायला काही उरलंच नाही. हेस्टर तेव्हा अगदी भरात होता, त्याचे किकऑफवरचे टचडाउन पाचवरच राहिले त्याला हे एक मोठं कारण. २०१८ ला किक मारणाऱ्यांना धावत सुरुवात करायला बंदी. २०२३ ला किकऑफवर फेअर कॅच मागितला तरी २५ यार्ड. फेब्रुवारी २०२४ चा चीफ्स-नायनर्स सुपर बोल आठवा, १३ किकऑफ झाले आणि एकही परत आणला गेला नाही. एकही! लोक त्या वेळात चिप्स आणायला उठायचे.

मग २०२४ ला एक्सएफएल या दुसऱ्या छोट्या लीगकडून उचललेली नवी पद्धत. किकर एकटा ३५ वर, त्याचे बाकीचे दहा जण थेट समोरच्या ४० यार्डांवर उभे, त्यांच्यासमोर पाच-दहा यार्डांवर ब्लॉकर, आणि बॉल खाली पडेपर्यंत किंवा रिटर्नरच्या हाताला लागेपर्यंत कोणी हलायचं नाही. म्हणजे लांबून धावत येऊन आदळणं संपलं, आणि परत आणणं पुन्हा सुरू झालं. २०२५ ला एंड झोनमध्ये गेलेल्या किकला ३५ यार्ड द्यायला लागले, त्यामुळे आता किकर आत मारायला धजावत नाहीत आणि रिटर्नची संख्या एकदम वाढली.

ढाण्या_वाघ

या नव्या नियमाच्या जोरावर चीफ्सनी वेल्सचा रग्बी खेळाडू लुईस रीस-झॅमिट आणला होता ना? काय वेग होता त्याचा! पण मुख्य टीममध्ये जमलं नाही, २०२५ ला परत रग्बीकडे गेला. म्हणजे नुसता वेग असून भागत नाही हे सिद्ध झालं. तेवढ्यापुरतं हेस्टरला मानायला मी तयार आहे.

चौथा_डाउन

बर्फ वितळतोय!

नवीन लोकांत डॅलसचा कव्हॉन्टे टर्पिन बघा. जेमतेम पावणेसहा फूट उंची, यूएसएफएल या छोट्या लीगमध्ये २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू, तिथून उचलला. नोव्हेंबर २०२४ ला वॉशिंग्टनविरुद्ध किकऑफ त्याच्या हातून निसटला, जमिनीवरून उचलला, जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि ९९ यार्ड. म्हणजे काम शिल्लक आहे आणि त्यातून पोट भरतंय.

आकडेमोड

किकऑफपुरतं बोलायचं तर हेस्टर विक्रमवीर नाहीच, कॉर्डरेल पॅटरसन आहे, ९ टचडाउन. नववा २०२२ मध्ये अटलांटाकडून आणि तोही बेअर्सविरुद्धच, १०३ यार्ड. आणि २०१३ ला पॅकर्सविरुद्ध त्याने १०९ यार्ड आणला होता, त्याहून लांब शक्यच नाही, मागे जागाच संपते.

वाऱ्यावरची_वरात

हेस्टरचा एखादा असा किस्सा सांगा ना जो आकड्यांत नाही.

शिकागोचा_वारा

माझा लाडका किस्सा. सप्टेंबर २०११, सोल्जर फील्ड, समोर पॅकर्स. आम्ही मागे होतो, वेळ संपत आलेली. त्यांनी पंट मारला, बॉल गेला मैदानाच्या एका बाजूला. हेस्टर पळाला दुसऱ्या बाजूला, वर बघत, हात पसरून, जणू बॉल तिकडेच येतोय. पॅकर्सचे सगळेच्या सगळे त्याच्यामागे. कॅमेरासुद्धा त्याच्यामागे! आणि पलीकडे जॉनी नॉक्सने निवांत बॉल झेलला आणि ८९ यार्ड पळत जाऊन एंड झोनमध्ये. एकही माणूस जवळपास नाही. टीव्हीवर कितीतरी वेळ कळेचना की चाललंय काय. स्पेशल टीम्सचे (किक आणि पंटच्या वेळी उतरणारी तुकडी) कोच डेव्ह टोब यांचं डोकं होतं ते.

दुर्दैवाने लांब कुठेतरी एका बेअर्सच्या खेळाडूने होल्डिंग केलं (समोरच्याला बेकायदा धरून ठेवलं), पिवळा रुमाल पडला, टचडाउन रद्द. २७-१७ हरलो. पॅकर्सवाल्या मित्राला हाच व्हिडिओ दाखवला. म्हटलं, तुझ्या टीमच्या अकराच्या अकरा जणांना बॉल कुठे आहे यापेक्षा हेस्टर कुठे आहे हे महत्त्वाचं वाटलं. अजून काय पुरावा हवा? गप्प बसला पण मान्य नाही केलं.

नेपरव्हिलची_वहिनी

आणि शेवटच्या मॅचलाही तेच झालं ना त्याच्याबरोबर? जानेवारी २०१७, सिअॅटलकडून प्लेऑफ, अटलांटाविरुद्ध. ८० यार्डांचा पंट आणला आणि होल्डिंगमुळे तोही परत घेतला. मला इतकं वाईट वाटलं होतं. ज्या टीमकडून डीऑनचा विक्रम मोडला त्यांच्याच मैदानावर.

ढाण्या_वाघ

तो विक्रम मोडतानाचा ६२ यार्डांचा पंट मी लाइव्ह बघितलाय, सप्टेंबर २०१४, टँपा बेविरुद्ध. शेवटी डीऑनसारखेच गुडघे उंच उचलत गेला. डीऑन लहानपणापासूनचा त्याचा हिरो, आणि अटलांटा डीऑनची पहिली टीम. ते बघताना मीही उठून उभा राहिलो होतो हे कबूल आहे.

बरं, धाग्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. माझं म्हणणं अजूनही असंच आहे की दोन वर्षं थांबायला लावलं ते योग्य होतं. पहिल्या फटक्यात आत जाणं हे ज्यांनी पंधरा वर्षं प्रत्येक प्ले खेळला त्यांच्यासाठी राखीव असावं. पण आत जायला हवा होता का, तर हो. समोरचा संघ ज्याला बॉलच द्यायला तयार नाही, त्याच्या हातात बॉल कमी वेळा येतो ही तक्रार करता येत नाही, एवढं या धाग्याने पटवलं.

टेक्सासची_आई

छान लिहिलंत.

आकडेमोड

मग आता पुढचा प्रश्न. हेस्टरने दार उघडलंय तर ब्रायन मिशेलला का नाही? कॉलेजमध्ये क्वार्टरबॅक होता, १९९० ला वॉशिंग्टनने घेतला, १४ सीझन खेळला. किकऑफ परत आणून १४,०१४ यार्ड, पंटवर ४,९९९. हो, पाच हजाराला एक कमी. एकूण १९ हजारांच्या वर, दुसरं कुणी आसपास नाही. पंट आणि किकऑफवर मिळून टचडाउन १३, तो विक्रम हेस्टरने २०१० ला मिनेसोटात मोडला. डेझमंड हॉवर्डला ९९ यार्डांच्या एका किकऑफवर १९९७ च्या सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाला, पण मिशेलसारखं चौदा वर्षं रोज उठून हेच काम करणं मला जास्त मोठं वाटतं.

शिकागोचा_वारा

मिशेलला माझं मत आहे, आत्ताच्या आत्ता. फक्त त्याची भीती हेस्टरइतकी होती का, यावर भांडायला मी तयार आहे. @आकडेमोड, नवीन धागा काढा, पंटर किती वेळा त्याला टाळून बाहेर मारायचे ते आधी शोधून ठेवा.

पर्वती_पायथा

मी तो १०८ यार्डवाला व्हिडिओ चार वेळा बघितला. ती दोन पावलं मुद्दामच होती. नवीन धाग्याची लिंक इथे द्या.